किती एचपीची?

नवी गाडी घेऊन पहिल्यांदा गावी गेलो, त्या दिवसाची गोष्ट. आमचं गाव राहुरी तालुक्यात, मुळा धरणाच्या कालव्यावरचं, चहूबाजूंनी ऊस. खराडीच्या ऑफिसातून हाफ डे टाकून निघालो, वाघोलीच्या ट्रॅफिकमध्ये तासभर घालवला, शिरूर, सुपा, नगर करत संध्याकाळी अंगणात गाडी उभी केली. आईने नारळ फोडला, बॉनेटवर स्वस्तिक काढलं. चुलत भावाने म्युझिक सिस्टिमचा ताबा घेतला. अण्णांनी मात्र गाडीभोवती शांतपणे एक चक्कर मारली, टायर चपलेने दाबून पाहिला आणि एकच प्रश्न विचारला.

"किती एचपीची हाय?"

"एकशे दहा!" मी. छाती फुगवून.

अण्णा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "एकशे दहा? आन् वढायचं काय?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. नगर जिल्ह्यात एचपी हा शब्द पुस्तकातला नाही, रोजच्या वापरातला आहे. विहिरीवरची मोटर पाच एचपीची, बोअरची साडेसातची, ट्रॅक्टर पन्नासचा. कुणाच्या घरचं किती चांगलं चाललंय, हे एचपीवरून कळतं. आणि प्रत्येक एचपी काहीतरी ओढत असतो. पाणी, नांगर, नाहीतर उसाच्या दोन ट्रॉल्या. माझे 110 एचपी ओढणार काय, तर मला आणि माझ्या लॅपटॉपच्या बॅगेला.

पण खरं सांगतो, त्या आकड्यासाठीच मी ती गाडी घेतली होती. (गाडीचं नाव सांगत नाही. पुढे जे झालं त्यात दोष तिचा नव्हता.) आमच्या पिढीला छोट्या गाडीत मोठं इंजिन बघायचं एक व्यसनच लागलंय. 2001ची फियाट पालिओ 1.6 जीटीएक्स ही पहिली आठवण. मग 2013ची पोलो जीटी टीएसआय, 105 पीएस. 2015ची अबार्थ पुंटो, थेट 145. 2017ची बलेनो आरएस 102ची, 2018ची टियागो जेटीपी 114ची, 2021ची आय-20 एन लाइन आणि 2024ची अल्ट्रोझ रेसर, दोन्ही 120च्या. यातल्या अर्ध्याअधिक गाड्या गिऱ्हाइकाअभावी बंद पडल्या. त्यांच्यावर लंच टेबलावर तासन् तास बोलणारे आम्ही, आणि बुकिंग करताना मायलेज विचारणारेही आम्हीच! मे 2025मध्ये गोल्फ जीटीआय भारतात आली, 265 पीएसची, किंमत 53 लाखांच्या घरात. पहिल्या दीडशे गाड्या बघता बघता संपल्या. आमच्या टेबलावरच्या कुणीही ती घेतली नाही, पण आकडा मात्र सगळ्यांना पाठ.

हरवलेले अठरा

गाडी घेऊन वर्ष झालं आणि मला किडा चावला. पुण्यातल्या एका ट्यूनिंगवाल्याकडे गेलो. तो इंजिनच्या कॉम्प्युटरचं सॉफ्टवेअर बदलून देतो, त्याला म्हणतात रिमॅप. 35 हजार रुपये, 110चे 140. वॉरंटी जाते, पण वॉरंटीचा विचार करणारा माणूस तिथे जातच नाही.

आधी त्याने गाडी डायनोवर चढवली. डायनो म्हणजे जमिनीतले मोठे रोलर. गाडीची पुढची चाकं त्यावर जागच्या जागी पळवायची, आणि मशिन सांगतं किती पॉवर निघाली. स्क्रीनवर आकडा आला : 92 बीएचपी.

"110ची आहे ना?" मी विचारलं.

"कागदावर," तो हसला. "म्हणून तर रिमॅप करायचा, सर."

मला अक्षरशः फसवल्यासारखं वाटलं. ईएमआय 110चा आणि गाडी 92ची! रिमॅपचं नंतर बघू म्हणून निघालो खरा, पण महिनाभर जिथे-तिथे हेच रडगाणं गात होतो. पुढच्या पगाराला 35 हजार टाकायचे, हे जवळजवळ ठरलंही होतं.

मग जानेवारी आला. गळीत हंगाम ऐन भरात. शनिवारी रात्री नगरहून अण्णांना घेऊन गावाकडे निघालो होतो. रस्ता दुपदरी, थोडं धुकं, आणि पुढे उसाचा ट्रॅक्टर, डबल ट्रॉली. ज्यांनी आमच्या भागात रात्री गाडी चालवली आहे त्यांना हे दृश्य माहीत आहे. मागच्या ट्रॉलीला दिवा नाही, रेडियम नाही, दोन्ही बाजूंना उसाची वाढी लोंबकळतायत. अगदी जवळ जाईपर्यंत कळतच नाही की समोर भिंत आहे. दहा मिनिटं मी त्याच्या मागे. तिसरा गिअर, पंचवीस-तीसचा स्पीड. शेवटी समोर अंधार दिसला, इंडिकेटर दिला आणि पाय दाबला.

काहीच झालं नाही.

म्हणजे गाडी पुढे जात होती, पण डायनोवर ऐकलेली ती गर्जना कुठेच नव्हती. एक ट्रॉली मागे पडली. तेवढ्यात वळणावरून ट्रकचे दिवे. मी ॲक्सिलरेटर आणखी दाबला. आता टर्बो जागा झाला, पण आता उशीर झाला होता. ब्रेक, स्टिअरिंग डावीकडे, परत ट्रॉलीच्या मागे. ट्रक आरशाच्या अगदी जवळून गेला. अण्णांचा हात डॅशबोर्डवर होता. घर येईपर्यंत ते एक शब्द बोलले नाहीत. मीही नाही.

पाच घागरी पाणी

दुसऱ्या दिवशी मामा आले. मामा नगरच्या वाहननगरमधल्या व्हीआरडीईतून रिटायर झालेत. व्हीआरडीई म्हणजे डीआरडीओची वाहनांची प्रयोगशाळा. लष्कराच्या गाड्या तपासायच्या हे तिचं मुख्य काम. पण बाजारात येणाऱ्या वाहनांना नियमाप्रमाणे सर्टिफिकेट देण्याचा अधिकार ज्या मोजक्या संस्थांना आहे, त्यात पुण्याच्या एआरएआयबरोबर तिचंही नाव आहे. त्यामुळे मामांसमोर इंजिनाविषयी फेकायची सोय नसते. मी डायनोचं रडगाणं सुरू केलं, रात्रीचंही सांगितलं. त्यांनी चहाची बशी खाली ठेवली.

"आधी एचपी म्हणजे काय ते सांग."

मी जेम्स वॅटचं नाव घेतलं. घोड्याची ताकद वगैरे.

"घोडा राहू दे. दाजी, तुम्हाला कळेल असं सांगतो. एका सेकंदात 75 लिटर पाणी एक मीटर वर उचललं की झाला एक एचपी."

अण्णांनी मनात हिशेब केला. "म्हंजे पाच घागरी."

"बरोबर! पाच घागरी, मीटरभर, सेकंदात. जुन्या मोटेची बैलजोडी साधारण एवढंच काम करायची. हा झाला पीएस, युरोपातला मेट्रिक हिशेब. इंग्रजांचा एचपी थोडा मोठा, 76 किलोचा. तुझ्या ब्रोशरवर 110 पीएस लिहिलंय, त्याचे बीएचपी होतात साडेएकशे आठ. म्हणजे दीड तर तिथेच गेला. चोरी नाही, नुसतं माप वेगळं."

"आणि बाकीचे सोळा?"

"कंपनी पॉवर मोजते इंजिनाच्या दांड्यावर, टेस्ट बेंचवर. तुझ्या त्या माणसाने मोजली चाकावर. मधे गिअरबॉक्स आहे, ड्राइव्ह शाफ्ट आहेत, रोलरवर दबणारे टायर आहेत. त्यात दहा-पंधरा टक्के जातातच. पाटाने पाणी सोडल्यावर शेताच्या टोकाला किती पोचतं? विहिरीतून निघालं तेवढंच का?"

अण्णा हसले. माझ्या महिनाभराच्या दुःखाचा निकाल एका वाक्यात लागला होता.

मामा मग रंगात आले. बेंचवर एचपी थेट मोजताच येत नाही, म्हणाले. इंजिनाला ब्रेकसारखा लोड लावायचा (बीएचपीतला 'बी' हा त्या ब्रेकचा) आणि ते किती जोराने पिळतंय ते मोजायचं, म्हणजे टॉर्क. त्याला आरपीएमने गुणायचं, 9549ने भागायचं, झाले किलोवॉट. हवा गरम असली किंवा विरळ असली तर इंजिन कमी देतं, म्हणून आकडा 25 अंश तापमानाच्या ठरावीक हवेवर आणून लिहायचा. नगरच्या मे महिन्यात दुपारी मोजलं आणि उटीला मोजलं तरी कागदावर सारखं यावं यासाठी ही तजवीज.

आणि इंजिनाच्या अंगावर काय काय चढवलंय, हेही महत्त्वाचं. अमेरिकेत 1971पर्यंत कंपन्या 'ग्रॉस' पॉवर छापायच्या. म्हणजे एअर फिल्टर, अल्टरनेटर, नेहमीचा सायलेन्सर, सगळं काढून मोजलेली. 1972पासून 'नेट' आली, गाडीत बसतं तसं सगळं जोडून. कॅडिलॅकच्या एल्डोराडोचं 8.2 लिटरचं इंजिन 1971मध्ये 365 एचपीचं होतं, 1972मध्ये 235चं झालं. बदल मुख्यतः मोजण्याच्या पद्धतीतला. आज आपल्याकडेही जो आकडा छापतात तो नेटच असतो.

"मग कुणी फसवत नाही?"

"फसवतात की. दोन्हीकडून." 2001मध्ये माझ्दाच्या छोट्या एमएक्स-5 स्पोर्ट्स कारला अमेरिकेत 155 एचपी सांगितले होते, निघाले 142. कंपनीला गाड्या परत घ्यायची तयारी दाखवावी लागली. उलट जपानमधल्या कंपन्यांनी 1989 ते 2004 आपसात ठरवून टाकलं होतं की 280 पीएसच्या वर कुणी जायचं नाही. मग गाड्यांमधून त्याहून जास्त निघायचे आणि कागदावर लिहायचे 280!

इथे अण्णांनी खाकरून घेतलं. "आपल्या वस्तीवरबी तेच चालतंय की. मोटर साडेसातची, प्लेट पाचची."

हे खरं आहे. शेतीपंपाचं बिल मीटर नसेल तर एचपीवर येतं. त्यामुळे कमी आकड्याच्या प्लेटला बाजारात मागणी. 2024मध्ये राज्य सरकारने साडेसात एचपीपर्यंतच्या शेतीपंपांना मोफत वीज जाहीर केली, तेव्हा गावात अचानक सगळ्या मोठ्या मोटरी साडेसातच्या झाल्या, असा विनोद अण्णा अजून सांगतात. शहरात आकडा फुगवायची हौस, गावात लपवायची. माझा बाप टोकियोच्या इंजिनिअर्सच्या रांगेत बसलेला पाहून मला गंमत वाटली.

त्या क्षणी किती हजर?

मग मामा माझ्याकडे वळले, आणि आवाज बदलला.

"रात्री आरपीएम किती होता?"

"1400 असेल."

"तुझ्या इंजिनाचा पूर्ण टॉर्क, 175 न्यूटन मीटर, 1750च्या पुढे मिळतो. त्याच्या खाली टर्बो झोपलेला. 1400ला समज 100 मिळाला. गुण."

मोबाइलवर गुणाकार केला. 14.7 किलोवॉट. म्हणजे 20 पीएस.

"एकशे दहापैकी वीस हजर होते," मामा म्हणाले. "1750ला चव्वेचाळीस होतात, 4000ला शंभर. आणि एकशे दहा फक्त 5000च्या पुढे, एका टोकाला. ब्रोशरवर छापतात तो शिखराचा आकडा. गडाची उंची सांगावी तसा. तू पायथ्याशी उभा होतास."

त्या 20 पीएसवर मी, शेजारी अण्णांना बसवून, डबल ट्रॉली ओलांडायला निघालो होतो. आणि ज्याला ओलांडायचं होतं तो ट्रॅक्टर 50 एचपीचा, दोन ट्रॉल्यांतला टनावारी ऊस ओढत होता. त्याचे एचपी कमी आरपीएमलाच कामाला येतात. विहिरीवरच्या मोटरीचे पाच तर आठ-आठ तास सलग, न कुरकुरता. माझ्या गाडीला तिचे एकशे दहा दिवसातून पाच सेकंद द्यावे लागले तरी खूप.

खरी चूक गाडीची नव्हती, टर्बोचीही नव्हती. दुसरा गिअर टाकला असता तर इंजिन 2000च्या वर असतं. पण मी आकड्यावर विसंबलो होतो. एकशे दहा आहेत ना, मग गिअर कशाला बदलायचा!

अण्णांनी तेव्हा 2016ची गोष्ट काढली. दुष्काळाचं तिसरं-चौथं वर्ष, विहिरीने तळ गाठलेला. पाचच्या मोटरीने पाणी कमी येतंय म्हणून त्यांनी उसने पैसे घेऊन साडेसातची बसवली होती. पाणी जोरात आलं. वीस मिनिटं. मग विहीर कोरडी. ऊस त्या वर्षी जळालाच. मी तेव्हा पुण्यात शेवटच्या वर्षाला होतो. फीचे पैसे वेळेवर आले होते, ते कुठून आले हे मी विचारलं नव्हतं. अण्णांनीही ते आत्ता सांगितलं नाही. एवढंच म्हणाले, "मोटर मोठी केली म्हून झरा मोठा व्हत नाय, बाळा."

पुढच्या गाडीसाठी

संध्याकाळी पुण्याला परतताना मामांना नगरला सोडलं. तिथल्या रणगाडा संग्रहालयात मी शाळेच्या सहलीपासून चार वेळा गेलोय, पण मामांनी उतरता उतरता जे सांगितलं ते नवीन होतं. 1965च्या युद्धात पाकिस्तानकडे एम-48 पॅटन होता, 810 एचपीचा. आपल्याकडच्या सेंचुरियनला 650. खेमकरणजवळ असल उत्तरला शेतात पाणी सोडलेलं होतं, उभा ऊस होता. पॅटन चिखलात रुतले, आणि उसात दबा धरलेल्या आपल्या रणगाड्यांनी ते टिपले. "ऊस आणि चिखल कुणाचे एचपी विचारत नाही," मामा म्हणाले आणि पिशवी घेऊन उतरले.

छोट्या, तेज गाड्यांचं वेड माझं काही गेलेलं नाही. येणाऱ्या प्रत्येक गाडीची बातमी मी अजून पहिल्यांदा वाचतो. पण वाचायची पद्धत बदलली. आपल्याकडे चार मीटरच्या आत आणि 1200 सीसीच्या आत पेट्रोल गाडी बसवली की कर कमी, ही सवलत 2006च्या बजेटपासूनची. सप्टेंबर 2025च्या जीएसटी बदलातही ती रेषा कायम राहिली, आतल्यांना 18 टक्के, बाहेरच्यांना 40. म्हणून आपल्या नशिबी येणारी तेज गाडी बहुधा एक-सव्वा लिटरची आणि टर्बोवाली. अशा गाडीत शिखराचा आकडा सहज मोठा दिसतो. म्हणून मी आता चार गोष्टी बघतो. आकडा पीएसमध्ये आहे की बीएचपीमध्ये. तो कितीव्या आरपीएमला आहे. पूर्ण टॉर्क किती खालून सुरू होतो. आणि गाडीचं वजन किती, कारण शंभर किलो कमी वजन हे एचपी वाढवल्यासारखंच, तेही पायथ्यापासून शिखरापर्यंत. उद्या हॉट हॅच इलेक्ट्रिक झाली तर टर्बोची झोप हा प्रश्न उरणार नाही, तिथे शून्यापासून टॉर्क. पण तिथेही क्षणभराची पीक पॉवर आणि अर्धा तास टिकणारी पॉवर हे दोन वेगळे आकडे असतात. कुठला छापलाय, ते विचारायचं.

आणि टेस्ट ड्राइव्हला गेलात तर सेल्समन सांगेल तसं रिकाम्या रस्त्यावर गाडी पळवू नका. तिसऱ्या गिअरमध्ये तीसच्या स्पीडला आणा आणि पाय दाबा. मनात मोजा, एक, दोन, तीन. गाडी कितीव्या आकड्याला जागी होते, ते ब्रोशरवर कुठेच नसतं.

रिमॅप मी केला नाही. त्या 35 हजारांतून चार चांगले टायर आले. उरलेल्यातून लाल-पिवळ्या रेडियम पट्ट्यांचे रोल घेतले आणि पुढच्या शनिवारी गावी नेले. चुलत भाऊ, मी आणि अण्णा, तिघांनी मिळून कारखान्याच्या रस्त्यावर नंबर लावून उभ्या असलेल्या ट्रॉल्यांना मागून पट्ट्या चिकटवल्या. ट्रॅक्टरवाले आधी हसत होते, मग स्वतःच फडक्याने ट्रॉलीची धूळ पुसून देऊ लागले. सत्तावीस ट्रॉल्या झाल्या आणि रोल संपले.

परवा अण्णांचा फोन आला. आईकडून कळलं होतं त्यांना, मी पुन्हा नवी गाडी बघतोय म्हणून.

"किती एचपीची हाय?"

"अण्णा, किती आरपीएमला विचारताय?"

पलीकडे थोडी शांतता. मग म्हणाले, "ते तुझं तू बघ. येताना आणखी धा रोल घेऊन ये. फाट्यावरच्या ट्रॉल्या राह्यल्यात."